कालप्रवासिनीची प्रेमकथा

गेलेला काळ परत येत नाहीं हें माणसाला लहानपणींच समजतें. परंतु तें त्याला मनापासून पटत मात्र कधींच नाहीं. म्हणूनच जें प्रत्यक्षांत होणें नाहीं तें कथेंत घडवून आणण्याचा उद्योग देशोदेशींच्या कथाकारांनीं केलेला आहे. भागवतांतील ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिला योग्य वर कोणता, हें विचारण्यासाठीं तिला घेऊन ब्रह्मलोकीं जातो. तेथें गायन चाललेलें असतें, म्हणून तो क्षणभर थांबतो. आणि तेवढ्या अवधींत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटून जातात. जीं स्थळें मनांत योजून तो गेलेला असतो, त्यांचे नातूपणतूहि मागें उरलेले नसतात. अखेर रेवतीचा विवाह होतो तो एका निराळ्याच युगांतील बलरामाशीं. कालप्रवास आणि विवाह यांची सांगड अशी फार जुनी आहे.

पाश्चात्त्य वाङ्मयांत या कल्पनेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवा बहर आला. मार्क ट्वेनचा अमेरिकन कारागीर १८८९ सालीं आर्थर राजाच्या दरबारांत जाऊन पोंचला, आणि १८९५ सालीं एच्. जी. वेल्सनें काळांतून धांवणारें यंत्रच वाचकांपुढें उभें केलें. पुढें ही कल्पना किशोरवयीन वाचकांसाठीं लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकथांत शिरली आणि तेथें चांगलीच रुजली. तिचा एक सांचा आतां ठरून गेल्यासारखा आहे. आजच्या काळांतील एखादी मुलगी. एखादें दार, आरसा किंवा दागिना. पलीकडे कमरेला तलवार लटकावलेला देखणा तरुण. थोडे गैरसमज, थोडें साहस, आणि शेवटीं प्रेमानें काळावर मिळविलेला विजय. वाचक सुखावतो, पुस्तक मिटतो आणि आठवड्याभरांत तें विसरूनहि जातो.

या सांच्यांत न बसणारी, आणि म्हणूनच एकदां वाचल्यावर सहसा न विसरली जाणारी एक कादंबरी १९३९ सालीं लंडन येथील फेबर आणि फेबर या प्रकाशनसंस्थेनें प्रसिद्ध केली. तिचें नांव 'अ ट्रॅव्हलर इन टाइम', म्हणजे काळांतील प्रवासी. लेखिका अ‍ॅलिसन अटली. इंग्लंडांतील मुलांना या बाई मुख्यतः परिचित आहेत त्या करड्या रंगाच्या एका लहानशा सशाच्या गोष्टींमुळें. परंतु त्यांच्या साऱ्या लेखनांत या एका कादंबरीचें स्थान वेगळें आहे.

अटलीबाईंचा जन्म १८८४ सालीं डर्बीशायर परगण्यांत, क्रॉमफर्ड गांवाजवळच्या टेकडीवरील एका शेतघरांत झाला. शेतकऱ्याची ही मुलगी मँचेस्टर येथें भौतिकशास्त्र शिकली आणि १९०६ सालीं त्या विषयांत ऑनर्सची पदवी घेऊन बाहेर पडली. त्या काळीं ही गोष्ट स्त्रियांत फारच दुर्मिळ होती. १९३० सालीं त्यांच्या पतीचें निधन झालें, आणि संसाराचा व मुलाच्या शिक्षणाचा भार लेखणीवर पडला. बाईंच्या घराजवळच डेथिक नांवाची एक छोटी वस्ती आहे. सोळाव्या शतकांत तेथें बॅबिंग्टन घराण्याचा वाडा होता. बाईंचे वडील त्या घराण्यांतील अँथनी बॅबिंग्टनविषयीं अशा जिव्हाळ्यानें बोलत कीं, जणूं तो शेजारच्या शेतावर कालपरवांपर्यंत राहत होता. कादंबरीतील बरेच प्रसंग आपणांस स्वप्नांत दिसले, असें बाईंनीं प्रस्तावनेंत सांगितलें आहे. काळाच्या स्वरूपाविषयींची चर्चा त्या वेळीं इंग्लंडांत जोरांत होती. जे. डब्ल्यू. डन या लेखकाचें स्वप्न आणि काळ यांवरील पुस्तक १९२७ सालीं निघालें होतें, आणि प्रीस्टलीसारखे नाटककारहि त्या विचारावर नाटकें रचीत होते. तथापि भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या या लेखिकेनें आपल्या कादंबरींत यंत्र आणलें नाहीं, सूत्र सांगितलें नाहीं, कीं कसलाहि खुलासा केला नाहीं. तिनें फक्त एका जुन्या घराचें एक दार उघडलें.

कथा थोडक्यांत अशी आहे. पेनेलोपी टॅबर्नर कॅमेरॉन ही लंडनच्या चेल्सी भागांत राहणारी, नाजूक प्रकृतीची मुलगी. हवापालटासाठीं तिला आणि तिच्या भावंडांना डर्बीशायरमधील थॅकर्स नांवाच्या जुन्या शेतघरीं पाठविण्यांत येतें. तेथें आईच्या बाजूची वृद्ध टिसी आजी आणि बार्नबस आजोबा राहतात. टॅबर्नर मंडळी त्या घरांत पिढ्यान्पिढ्या राबलेली. एके दिवशीं पेनेलोपी वरच्या मजल्यावर कांहीं आणावयास जाते आणि ओळखीचें समजून एक दार उघडते, तों आंत जुन्या काळच्या भरजरी पोशाखांतील स्त्रिया खेळ मांडून बसलेल्या! ती ओशाळून माघारी फिरते, तों तेथें खोली नाहीं आणि स्त्रियाहि नाहींत. त्यानंतर ती वारंवार तीन शतकें ओलांडून एलिझाबेथ राणीच्या राज्यांत जाऊं लागते. ती तेथें कितीहि वेळ राहिली, तरी इकडे घड्याळाचा कांटा जेमतेम हललेला असतो. पलीकडच्या घरांत मुदपाकखान्याचा कारभार पाहणारी डेम सिसिली टॅबर्नर तिला आपल्या दूरच्या नात्यांतील पोर समजून जवळ करते. या डेम सिसिलीचा चेहरा थेट टिसी आजीसारखा असतो.

त्या घराचा धनी अँथनी बॅबिंग्टन एका गुप्त कामांत गुंतलेला आहे. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी ही इंग्लंडच्या राणीच्या बंदिवासांत असून तिला जवळच्या विंगफील्डच्या वाड्यांत आणण्यांत येणार आहे. थॅकर्सपासून त्या वाड्याकडे जाणारें एक जुनें, बुजलेलें भुयार मोकळें करून राणीला सोडवावयाचें, असा अँथनीचा बेत आहे. त्याचा धाकटा भाऊ फ्रॅन्सिस त्याच्या पाठीशीं आहे. या फ्रॅन्सिसची आणि पेनेलोपीची मैत्री जमते, आणि ती मैत्री हळूहळू, दोघांनाहि फारसें न कळतां, प्रेमाच्या उंबरठ्यापर्यंत येते.

या कथेंतील खरा पेंच येथेंच आहे. पेनेलोपी शाळेंत इतिहास शिकलेली आहे. समोर हंसत असलेल्या या तरुणांचें पुढें काय होणार, हें तिला ठाऊक आहे.

तो इतिहास थोडा ध्यानांत घेतल्यावांचून कादंबरीची धार समजणार नाहीं. अँथनी बॅबिंग्टन ही काल्पनिक व्यक्ति नव्हे. त्याचा जन्म १५६१ सालीं डेथिक येथें झाला. लहान वयांत तो श्रूजबरीच्या अर्लच्या पदरीं होता, आणि मेरी राणी त्याच अर्लच्या पहाऱ्याखालीं कैदेंत होती. तिला विंगफील्डच्या वाड्यांत १५६९ सालीं आणि पुनः १५८४–८५ मध्यें ठेवलें होतें. पुढें १५८६ सालीं अँथनी एका मोठ्या कटांत सांपडला. मेरीची सुटका आणि एलिझाबेथचा वध, असा तो दुहेरी कट होता. राणी त्या वेळीं चार्टली येथें होती. तिचीं पत्रें बीअरच्या पिंपांतून लपवून आंतबाहेर जात. परंतु ही वाट एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगम यानेंच आपल्या हस्तकांकरवीं मोकळी ठेवलेली होती. प्रत्येक पत्र वाटेंत उघडलें जाई, त्याच्या सांकेतिक लिपीचा उलगडा होई आणि मग तें पुढें जाई. जुलै महिन्यांत अँथनीनें कटाचा सारा तपशील राणीला कळविला, राणीनें त्याला उत्तर धाडलें, आणि त्या उत्तरानें दोघांचेंहि भवितव्य ठरलें. २० सप्टेंबर १५८६ रोजीं अँथनीला लंडन येथें अत्यंत क्रूर रीतीनें देहान्त शासन झालें. त्या वेळीं त्याला पंचविसावें वर्षहि पुरें झालेलें नव्हतें. ८ फेब्रुवारी १५८७ रोजीं फॉदरिंगेच्या किल्ल्यांत मेरी राणीचा शिरच्छेद झाला.

कादंबरी या घटनांपर्यंत जातच नाहीं. ती त्यांच्या अलीकडेच थांबते. वधस्तंभ तिच्या पानांवर कोठेंहि दिसत नाहीं. परंतु त्याची छाया प्रत्येक पानावर पडलेली आहे. घरांत सण साजरा होतो, फळें मुरविलीं जातात, कुणी गातो, कुणी घोड्यावर खोगीर चढवितो, आणि वाचकाला पेनेलोपीबरोबर सतत जाणवत राहतें कीं, हें सर्व थोड्या दिवसांचें आहे.

सामान्य कालप्रवासकथेंत या ठिकाणीं नायिकेनें धांव घेतली असती, पत्र फाडलें असतें, पहारेकऱ्याला चकविलें असतें आणि इतिहासाचें पान बदललें असतें. अटलीबाई तो मोह कटाक्षानें टाळतात. पेनेलोपीच्या तोंडून राणीच्या अंताची गोष्ट निघून जाते खरी. पण त्यानें काय होतें? ऐकणारे हादरतात, त्यांना दुःख होतें. तथापि ते आपला बेत सोडीत नाहींत. ज्या निष्ठेपायीं अँथनी आपलें घरदार पणाला लावतो ती निष्ठा, शेवट वाईट आहे एवढें कळल्यानें सोडून द्यावी, असें त्याला वाटणें शक्यच नसतें. शिवाय दुसरी एक बारीक गोष्ट लेखिकेनें फार मार्मिकपणें टिपली आहे. पलीकडच्या काळांत गेल्यावर पेनेलोपीला आपल्या काळाची आठवण अंधुक होत जाते. जें ज्ञान उपयोगी पडावें तेंच ऐन वेळीं स्वप्नासारखें विरूं लागतें. ज्ञान आहे, पण तें चालविण्याचें सामर्थ्य नाहीं. माया आहे, पण तिला वाचविण्याचा अधिकार नाहीं. अशा स्थितींत प्रेम करणाऱ्यानें काय करावें, हाच या कादंबरीचा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर लेखिका कोणाच्याहि भाषणांतून देत नाहीं. पेनेलोपी जें करीत राहते, तेंच उत्तर होय. ती पुनः पुनः त्या घरीं जाते. डेम सिसिलीच्या हाताखालीं सुवासिक पाला निवडते, फ्रॅन्सिसचें गाणें ऐकते, त्या माणसांच्या आशेंत सहभागी होते. त्यांना वाचविणें तिच्या हातीं नसतें. त्यांच्याजवळ असणें मात्र तिच्या हातीं असतें, आणि तेवढें ती कसोशीनें करते. जगांत बहुतेक प्रेमाच्या वांट्याला एवढेंच येत असतें. दुर्धर दुखण्याच्या माणसाच्या उशाशीं बसलेल्या आईबापांना किंवा रणांगणावर निघालेल्या मुलाचा डबा भरून देणाऱ्या बहिणीला याहून अधिक काय करतां येतें? ही कादंबरी निघाली त्याच १९३९ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें. त्या वर्षीं ती वाचणाऱ्या अनेक मुलींचे भाऊ थोड्याच महिन्यांत गणवेष चढविणार होते. लेखिकेच्या मनांत तें असो वा नसो, त्या मुलींना पेनेलोपीची व्यथा समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

पेनेलोपी आणि फ्रॅन्सिस यांच्या प्रेमाविषयीं वाचकांत दोन मतें होतात. प्रेमकथा म्हणून हातीं घेणाऱ्याला ती अपुरी वाटते. तींत आणाभाका नाहींत, एकांतांतील भेटींचीं रसभरित वर्णनें नाहींत, आणि मीलन तर नाहींच नाहीं. ही तक्रार अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. फ्रॅन्सिसच्या मनाचा ठाव थोडा अधिक लागता, तर शेवटची ताटातूट अधिक खोल गेली असती. पण एकंदरींत येथें लेखिकेचा संयमच योग्य ठरतो. किशोरवयांतील पहिलें प्रेम बहुधा असेंच असतें. तें बोलून दाखविण्याआधींच त्याचा ऋतु संपतो. 'ग्रीन स्लीव्ह्‌ज' या जुन्या इंग्रजी गीताचे सूर कथेंत पुनः पुनः ऐकूं येतात. शब्दांत जें बोललें गेलें नाहीं तें त्या सुरांत उतरतें. फ्रॅन्सिसला सोडून पेनेलोपी आपल्या काळांत परतते ती कोणी तिला हांकलून दिलें म्हणून नव्हे. तें दार आतां पुनः उघडणार नाहीं, हें तिला उमगलेलें असतें म्हणून. कथा ती स्वतःच, मोठी झाल्यावर, आठवून सांगत आहे. तिच्या सांगण्यांत तक्रार नाहीं, पण जें हरवलें त्याचा विसरहि नाहीं.

पुस्तकांतील सर्वांत सुंदर भाग कोणता असेल, तर तो त्या घराचा. तापलेल्या चुलाणावरील भाकरीचा वास, छताला टांगलेल्या वाळक्या वनस्पतींच्या जुड्या, दुधाच्या कोठीचा गारवा, दगडी फरशीवर वाजणारीं पावलें, हें सर्व बाईंनीं लहानपणीं स्वतः अनुभवलेलें आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभींचें शेतघर सोळाव्या शतकांतील घराहून फारसें निराळें नव्हतें, हेंहि त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच पेनेलोपी एका काळांतून दुसऱ्या काळांत सहज जाऊं शकते. राजेराण्यांचीं नांवें बदलतात. पीठ मळणारे हात तेच राहतात. बॅबिंग्टन घराण्याचा वैभवाचा वाडा गेला, पण त्यांच्या पदरीं राबणारे टॅबर्नर त्याच चुलीपाशीं उरले. धन्यांच्या इतिहासाला शेवट असतो, सेवकांच्या जीवनाला सातत्य असतें, ही गोष्ट लेखिका कोठेंहि न उच्चारतां वाचकाच्या मनांत ठसविते. टिसी आजीच्या आणि डेम सिसिलीच्या चेहऱ्यांतील साम्य हें याच सातत्याचें चिन्ह आहे.

गुणांबरोबर दोषहि सांगावयास हवेत. कथानकाची चाल मंद आहे. पहिल्या कांहीं प्रकरणांत वर्णनांचा भार एवढा आहे कीं, घाईचा वाचक तेथूनच मागें फिरण्याची भीति वाटते. पेनेलोपीचा द्वेष करणारी अराबेला ही मुलगी पुरेशी जिवंत झालेली नाहीं. मत्सरापायीं ती पेनेलोपीला भुयारांत कोंडते, तो प्रसंग थरारक आहे. पण तो घडविण्यासाठींच तिला कथेंत आणल्यासारखें वाटतें.

याहून महत्त्वाचा दोष इतिहासाच्या बाजूनें संभवतो. कादंबरींत मेरी राणी ही केवळ एक सुंदर, दुःखी बंदिनी आहे, आणि अँथनी हा तिचा निःस्वार्थ भक्त. एलिझाबेथची बाजू कोणी मांडीतच नाहीं. १५७० सालीं पोपनें एलिझाबेथला धर्मबहिष्कृत करून तिच्या प्रजेला तिच्या आज्ञापालनांतून मुक्त केलें होतें. १५८४ सालीं हॉलंडचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा मारेकऱ्यानें गोळी घालून खून केला होता. इंग्लंडच्या राणीला आणि तिच्या मंत्र्यांना वाटणारी भीति खोटी नव्हती. अँथनीच्या शेवटच्या कटांत तर एका स्त्रीचा वध हें स्पष्ट कलमच होतें. कादंबरी त्याच्या आधींच थांबत असल्यामुळें या अवघड गोष्टीला तिला तोंड द्यावें लागत नाहीं. किशोर वाचकानें कादंबरी मिटल्यावर इतिहासाचें एखादें चांगलें पुस्तक उघडावें, म्हणजे हा तोल सांवरेल. अर्थात् तें पुस्तक उघडण्याची ओढ कादंबरीच निर्माण करते, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. शिवाय ही दृष्टि लेखिकेपेक्षां त्या घरांतील माणसांची आहे. पेनेलोपी त्यांच्यावर माया करते, आणि माया करणारा न्यायाधीशाच्या आसनावर बसत नाहीं.

१९७८ सालीं बी.बी.सी.नें या कादंबरीवरून चित्रवाणीमालिका तयार केली. पुस्तकाच्या आवृत्त्याहि निघत राहिल्या. अटलीबाई १९७६ सालीं निवर्तल्या. विंगफील्डचा वाडा सतराव्या शतकांतील यादवी युद्धानंतर मोडून टाकण्यांत आला. त्याचे भग्न मनोरे अजून उभे आहेत. डेथिक येथें लहानसें प्रार्थनामंदिर आणि भोंवतालचीं शेतघरेंहि आहेत.

कालप्रवासाच्या प्रेमकथा पुढेंहि लिहिल्या जातील, आणि त्यांतील बहुतेकींत काळ हरेल व प्रेम जिंकेल. तशा कथांतून होणारी करमणूक त्याज्य आहे असें नव्हे. परंतु ज्या किशोर वाचकाच्या घरीं नुकतेंच कोणी गेलें असेल, ज्याला एखादें कोमल नातें जुळण्यापूर्वींच सोडावें लागलें असेल, त्याच्या हातीं अटलीबाईंची ही कादंबरी द्यावी. प्रेमानें मरण टळतें, असें ती त्याला खोटें सांगणार नाहीं. टळणार नाहीं हें ठाऊक असूनहि त्या घरीं जावें, चुलीपाशीं बसावें, हातांतील काम वांटून घ्यावें, आणि निघण्याची वेळ आली म्हणजे दार हलकेच ओढून घ्यावें, एवढें ती त्याला शिकवील.